होऊच नयेत म्हणून

ते चित्र कंचनला दाखवायचं प्रमिलाबाईंच्या मनात नव्हतं. मासिक टेबलावर उघडं राहून गेलं, एवढंच.

त्या चहा टाकायला आत गेल्या आणि कप घेऊन बाहेर आल्या, तेव्हा कंचन त्या पानावर वाकली होती. खडकाळ समुद्रकिनारा, आणि खडकांमधल्या ओल्या वाळूत पडलेली काळी काळी पिल्लं. एक मोठं जनावर त्यांतल्या एकाला नाकानं ढोसत होतं.

"बाई, हे काय आहे?"

"काही नाही गं. सी-लायन म्हणतात त्यांना. पार अमेरिकेच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचे. राहतात माशांसारखे पाण्यात, पण पिल्लांना दूध पाजतात. तू चहा घे."

"मेलीत का ती?"

प्रमिलाबाईंनी मासिक मिटलं. पण मिटून काय होणार होतं? कंचन त्यांच्याच हाताखाली धुळ्याच्या कॉलेजात दोन वर्षं प्राणिशास्त्र शिकली होती. जैनाघरची मुलगी, बेडूक चिरायला तिनं कधी हात लावला नाही. पण बाजूला उभी राहून ती ज्या आकृत्या काढायची, त्या वर्गभर फिरायच्या. तिसऱ्या वर्षाला बसायच्या आधी तिचे वडील कन्हैयालाल कापडवाले यांनी तिचं लग्न करून दिलं, सावद्याच्या रिखबचंदांच्या ज्ञानचंदशी. बी-बियाणं, खतं आणि कीटकनाशकं यांचं मोठं दुकान. सगळ्या रावेर तालुक्यातले केळीवाले आणि कपाशीवाले तिथे यायचे.

हे १९७४ सालच्या माघातलं. चुलतभावाच्या लग्नाला चार दिवस माहेरी आली होती ती. पाचवा महिना लागला होता.

"मेलीत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "वेळेआधी जन्मली. दिवस भरायच्या कितीतरी आधी."

कंचनचा हात पदराखाली पोटावर गेला. प्रमिलाबाईंनी ते पाहिलं आणि आपली जीभ आपणच चावली. आधीची दोन त्यांना ठाऊक होती. पहिलं सातव्या महिन्यात, इथेच धुळ्यात. मुलगा होता, रडलाच नाही. दुसरं पाचव्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होतं असं कधी कधी, मनाला लावून घेऊ नये.

"कशानं, बाई?"

"ते अजून नक्की कुणालाच सांगता येत नाही."

"कशानं?"

प्रमिलाबाईंना खोटं बोलता यायचं नाही. वर्गात एखादं उत्तर ठाऊक नसलं तर त्या तसं सरळ सांगत, आणि ठाऊक असलं तर दडवून ठेवत नसत. "ज्या माद्या अवेळी व्याल्या, त्यांच्या चरबीत डीडीटी जास्त सापडलं. दिवस भरून व्याल्या त्यांच्यात कमी. आणखीही काही रसायनं सापडली, कारखान्यांतली. आता त्यातलं दोषी कुठलं, की मुळात कुठला रोगच होता, हे तिथल्या लोकांनाही ठाऊक नाही. लक्षात घे."

पण कंचननं एकच शब्द ऐकला होता. सावद्याच्या घरी तिच्या खोलीच्या बरोबर खाली दुकानाचं गोदाम होतं. मध्ये सागवानी फळ्यांचं पाटण. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या तिरिपा खाली जायच्या आणि खालचा वास वर यायचा. लग्न होऊन आली तेव्हा पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं. मग वास यायचा थांबला. म्हणजे येत असणारच. तिचं नाक सरावलं.

"समुद्रात कुणी कशाला टाकेल डीडीटी?"

"वाहून येतं गं. कारखान्याचं सांडपाणी, शेतातलं पाणी. पाण्यातून बारीक जीवांत, त्यांच्यातून माशांत, माशांतून ह्यांच्यात. ते विरत नाही, हीच तर त्याची खुबी. म्हणून तर मलेरियावाले भिंतीवर एकदा मारून गेले की महिनोन् महिने डास टेकत नाही. अंगात गेलं की चरबीत जाऊन बसतं."

"आणि पिल्लू कसं पडतं?"

प्रमिलाबाई शिकवायच्या सुरात, हलकेच म्हणाल्या, "गर्भ धरून ठेवायला अंगात हार्मोन लागतात, ते तुला शिकवलंय. उंदरांवर, पाखरांवर प्रयोग झालेत. हे औषध अंगात साचलं की यकृत चेकाळल्यासारखं होतं, आणि अंगातले हार्मोन बनतात त्याच्या आधीच मोडून टाकायला लागतं. दुसरं म्हणजे हे औषध स्वतःच एखाद्या हार्मोनचं सोंग घेतं. शरीर फसतं. सी-लायनमध्ये हेच झालं का, हा नुसता तर्क आहे."

"काढता नाही येत? धुऊन, जुलाब घेऊन, उपास करून?"

"उपासानं तर उलटं!" प्रमिलाबाई बोलून गेल्या. "समुद्रातली अशी काही जनावरं पिल्लांच्या दिवसांत उपाशी राहतात, आपल्याच चरबीवर जगतात. चरबी वितळली की तिच्यात साठलेलं सगळं एकदम रक्तात..."

त्या थांबल्या. कंचनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या खेपेला, पर्युषणात, तिनं अठ्ठाई केली होती. आठ दिवस नुसतं उकळून गार केलेलं पाणी. कुणी जुलूम केला नव्हता. मूल टिकावं म्हणून तिनंच पच्चक्खाण, म्हणजे उपासाचं व्रत, घेतलं होतं. पारण्याच्या दिवशी सासूबाईंनी आपल्या हातानं मुगाचं पाणी पाजलं, सगळ्या सावद्यातल्या बाया पाया पडून गेल्या. त्यानंतर अठराव्या दिवशी पोटात कळ आली.

चहावर साय धरली. कंचननं तो घेतला नाही.

*

सावद्याला परतली त्या दिवशी जिना चढताना तिला वास आला. इतक्या वर्षांनी पुन्हा, पहिल्या दिवसासारखा. कुबट, गोडसर, घशाशी चिकटणारा. खोलीत येऊन ती खाली बसली आणि फळीच्या फटीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. ते चुनाही असू शकत होतं. पण तिनं ते बोट साबणानं तीनदा धुतलं, आणि मग ज्या साबणानं धुतलं तो साबणही फेकून दिला.

तेव्हापासून तिला घरभर तेच दिसू लागलं. दुकानातून आलेले ज्ञानचंद न धुतल्या हातांनी पाण्याचा तांब्या उचलायचे. गोदामातला हमाल उखर्डू पोती वाहून पांढरा व्हायचा आणि तसाच अंगणातल्या रांजणावर वाकून पाणी प्यायचा. आणि फाल्गुनात वर्षाचा गहू भरायची वेळ आली, तेव्हा सासूबाईंनी, सज्जनबाईंनी, वाटीत दुकानातली पावडर घेतली आणि कोठीतल्या गव्हाच्या थराथरावर मीठ भुरभुरावं तशी टाकली.

कंचन दारात उभी होती. "माँजी, एरंडेल लावू या ना. माझ्या माहेरी एरंडेलच लावतात."

"एरंडेलानं काय होतंय! मागल्या साली सगळे सोंडे झाले. किडे झाल्यावर मारणं पाप, बीनणी. निवडताना एकेकाला वाचवत बसावं लागतं." सज्जनबाईंनी वाटी झटकली. "ते होऊच नयेत, म्हणून पावडर."

होऊच नयेत. कंचन जिन्याकडे वळली, आणि तिसऱ्या पायरीवरच बसली.

त्या दिवसापासून तिनं घरची पोळी सोडली. धुळ्याहून गव्हाचं पोतं मागवलं, वेगळं दळलं, वेगळं भाजलं. सज्जनबाईंना ते झोंबणारच. "आमचं अन्न वाईट झालं का आता?" त्या मोलकरणींदेखत म्हणाल्या. चैत्रात आयंबिलची नऊ दिवसांची ओळी आली. धापूबाई नावाच्या चुलतसासू होत्या, त्यांनी सुचवलं, दोन वेळा हातातलं गेलं, नवव्या दिवशी एक तरी आयंबिल कर, तपानं कर्म कटतं. आयंबिल म्हणजे एक वेळचं जेवण, तूप-तेल-मिठाविना. कंचननं मान हलवली, नाही म्हणाली. तपाला नाही म्हणणारी सून त्या घरानं पहिल्यांदा पाहिली. धापूबाईंनी सज्जनबाईंच्या कानाशी लागून विचारलं, हिला कुणाची नजर-बिजर लागली का?

ज्ञानचंद वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले, पण प्रेमानं. "कंचन, तो समुद्र कुठे आणि आपलं सावदा कुठे? मासा तरी खातो का आपण? बापूजी वीस वर्षं ह्या मालात बसतात. मी ह्या घरातच वाढलो. मला काय झालं?"

"माझं दोनदा गेलं."

"ते..." ज्ञानचंद उठले आणि हात धुऊन आले.

तिला झोप लागेना. लागली तर किनारा दिसायचा. तिनं समुद्र उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तापी पाहिली होती, तीही पुलावरून. पण ती वाळू, ते नाकानं ढोसणारं जनावर तिला रोज दिसायचं. दिवसा ती पोटातली हालचाल मोजायची. दुपारी अर्धा तास बाळ हललं नाही की ती उठून बसायची. ती कूस बदलायची, गार पाणी प्यायची, गूळ खायची, आणि मग आतून ढुशी बसली की रडायची.

हे सगळं रिखबचंदांच्या कानावर गेलंच. एके दिवशी सकाळची सामायिक, ती घटकाभराची ध्यानाची बैठक, आटोपून ते बैठकीत बसून राहिले, दुकानात गेले नाहीत. सज्जनबाईंना म्हणाले, "बीनणीला बोलाव. तू पण बस."

सासऱ्यांशी सून थेट बोलत नसे. घुंघटातून सासूच्या कानात सांगायचं, सासूनं पुढे सांगायचं, अशी रीत. रिखबचंदांनी तोंडावरची मुखवस्त्रिका घडी करून बाजूला ठेवली.

"मी ऐकतोय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "जे काय असेल ते मलाच सांगू दे."

कंचननं सांगितलं. सी-लायन, चरबी, हार्मोन, अठ्ठाई. सज्जनबाईंनी अठ्ठाईचं ऐकून तोंडावर पदर घेतला.

"सरकार घराघरात फवारतं," रिखबचंद म्हणाले. "शेतकी अधिकारी दुकानात येऊन सांगतो, हे विका. इतक्या शिकल्या लोकांना कळलं नसेल?"

"मला माहीत नाही, बापूजी. कुणालाच पुरतं माहीत नाही. त्याचीच भीती वाटते."

त्यांनी मान वर केली. सुनेचा आवाज त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकला होता. "हा धंदा सुरू केला तेव्हा चातुर्मासाला आलेल्या महाराजसाहेबांनी मला विचारलं होतं, रिखबचंद, काय विकतोस? मी म्हटलं, औषध. ते काही बोलले नाहीत. मी पण पुढे बोललो नाही." ते उठले. "गोदाम हलवतो. तू धुळ्याला जा, सुखानं बाळंत हो."

आठ दिवसांत खालची खोली रिकामी झाली, धुतली, सारवली. सातव्या महिन्यात कंचन माहेरी गेली.

*

ज्येष्ठात मुलगी झाली. दिवस भरून, सकाळी अकराच्या सुमारास, खणखणीत रडत. कन्हैयालालांनी पेढे वाटले. सुईण इंदिराबाई म्हणाली, "पोर गुटगुटीत शे, कंचनताई, काय घाबरीसन बसनीस?"

कंचननं पोरीला छातीशी घेतलं आणि पदर सोडवता सोडवता ती थांबली. दुधात अंगातली चरबी उतरते. इतक्या वर्षांचं जे काही आत बसलं असेल, ते बाहेर पडायची हीच वाट. प्रमिलाबाई भेटायला आल्या तेव्हा तिनं दार लावून घेतलं आणि विचारलं, "पाजू का?"

"पाज."

"त्यात असेल ना?"

"असेल," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माझ्याही अंगात असेल. ज्या गाईचं दूध तू हिला पाजशील तिच्या दुधातही असेल. पण तुझ्या दुधात जे आहे ते दुसऱ्या कशात नाही. पाज, कंचन. भीत भीत पाज, पण पाज."

पोरगी ओठ शोधत होती. कंचननं डोळे मिटले. पहिला घोट तिच्या गळ्याखाली उतरला तो आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

*

भाद्रपदात ती लेकीला घेऊन सावद्याला आली. जिन्यात आता वास नव्हता. सज्जनबाईंनी नातीची दृष्ट काढली, आणि कंचन पाहते तो काय, कोठीतला गहूही बदलला होता. पंधरा-वीस दिवस कंचन पहिल्यांदाच पोटभर झोपली.

मग एका सकाळी अंगणात भांडी घासायला नवी बाई आली. भिकुबाई; हमाल उखर्डूची बायको. कामाला वाघ, आणि तोंडाचा पट्टा सुरू. कंचन लेकीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. भिकुबाई तिच्या जवळून घागर उचलायला वाकली आणि कंचनच्या नाकाला तो वास आला. कुबट, गोडसर. तिच्या लुगड्याचा.

"भिकुबाई, कुठे राहता तुम्ही?"

"अक्का, तुमाले नाई ठावं? शेठजीनं नवीन गुदाम केलं नं रावेरच्या रस्त्याले, केळीच्या मळ्यापासी. तठीच ठिवलं आमाले, राखनदारीले. पक्क्या विटांची खोली हाय! जलमात पयल्यांदा पक्क्या छपरात राह्यलो बाप्पा." ती खुशीत हसली. मग घागर कमरेवर घेताना तिनं दुसरा हात कमरेमागे टेकवला, आणि लुगड्याच्या निऱ्यांवर आलेला फुगवटा कंचनला दिसला.

"कितवा महिना?"

"पाचवा." भिकुबाई लाजली. "सात वर्सांनी ऱ्हायलं, अक्का."

कंचनला दुसरं काही ऐकू आलं नाही. तिनं लेकीला सज्जनबाईंच्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, जाऊन येते, आणि डोक्यावर पदर ओढून निघाली. सून एकटी भर रस्त्यानं चालली म्हणून बाजारातले लोक वळून वळून बघत होते.

मळ्याच्या कडेला ती खोली होती. निम्मी पोत्यांनी आणि डब्यांनी भरलेली, मध्ये पोत्यांचाच आडोसा, अलीकडे चूल. चुलीशेजारी गोधडी. बाहेर दाराशी तीन निळी पिंपं उभी होती, एंड्रिन नावाच्या जहाल कीटकनाशकाची, रिकामी झालेली. दोनांत पाणी गच्च भरलेलं, तिसऱ्यात ज्वारी. पाण्यावर कडुनिंबाचा पाला तरंगत होता आणि काठावर उखर्डूचा ॲल्युमिनियमचा पेला उलटा ठेवला होता.

भिकुबाई मागून धावत आली. "काय झालं, अक्का?"

"ह्यातलं पिता?"

"मंग? राखंनं तीनदा घासला. उन्हात वाळवला. पानी कसं गार राह्यते ह्यात!"

केळीला खड्डे खणायची पहार भिंतीला टेकली होती. कंचननं ती उचलली. तिला ती नीट पेलवतही नव्हती. पण पहिला घाव बसला आणि पिंपाच्या पोटातून पाण्याची धार तिच्या पायांवर आली. ती मागे सरली, साडी गोळा केली, आणि दुसऱ्या पिंपावर घाव घातला.

"अक्का! अवो अक्का, काय करता! एकेक घागर करून पानी वाह्यलं मी! माह्या पोटूशीनं वाह्यलं!" भिकुबाई रडू लागली. मळ्यातून निंबा आबा, ज्यांचा तो मळा होता, ते काठी टेकत आले. रस्त्यावरचे दोघे-चौघे थांबले. कंचननं ज्वारीचं पिंप आडवं पाडलं आणि त्यालाही भोक पाडलं. मग पहार टाकून ती चिखलात उभी राहिली, धापा टाकत.

कुणीतरी दुकानात सांगायला गेलंच होतं. रिखबचंद टांग्यातून उतरले. त्यांनी फुटलेली पिंपं पाहिली, चूल पाहिली, पोत्यांच्या आडोशालगतची गोधडी पाहिली. भिकुबाईकडे पाहिलं, आणि तिच्या पोटाकडे.

"बापूजी," कंचन म्हणाली. घुंघट कधीच मागे सरकला होता. "तुम्ही माझ्या खोलीखालून काढलंत आणि हिच्या उशाशी ठेवलंत."

"मी सांगितलं होतं, पिंपं वापरू नका म्हणून." रिखबचंद पिंपांकडे पाहत म्हणाले. "उखर्डूला सांगितलं होतं."

"सांगितलं असेल. पण तिला घर दुसरं नव्हतं आणि भांडंही दुसरं नव्हतं."

"मग कुठे ठेवू?" रिखबचंद एकदम मोठ्यानं म्हणाले. लोकांना वाटलं ते सुनेवर रागावले. पण त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि कंचनला ती लगेच ओळखू आली. सहा महिने तिनं ती आरशात पाहिली होती. "सांग ना, कुठे ठेवू? जिथे ठेवीन तिथे कुणी ना कुणी असणारच. विकलं तर कुणाच्या शेतात जाईल. पुरलं तर कुणाच्या विहिरीत उतरेल. तापीत टाकू?"

"नाही!" कंचन किंचाळली.

तिनं नंतर प्रमिलाबाईंना पत्र लिहून हेच विचारलं; त्यांनाही जागा सुचली नाही.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत उखर्डू-भिकुबाई दुकानामागच्या पडवीत राहायला आले. कंचननं आपल्या लग्नातले दोन पितळी हंडे त्यांच्या चुलीपाशी नेऊन ठेवले. मळ्यातल्या खोलीला रिखबचंदांनी कुलूप घातलं आणि नवा माल मागवणं बंद केलं. ज्ञानचंदांनी खूप वाद घातला: गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं, कपाशीवर बोंडअळी आली तर लोक आपल्यालाच शिव्या घालतील, आणि आपण नाही विकलं म्हणून फवारायचं कोण थांबणार आहे? त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. रिखबचंद ऐकून घ्यायचे आणि बियाणं तोलत राहायचे.

कंचनची झोप पुन्हा गेली. आता ती भिकुबाईचे दिवस मोजू लागली. "हललं का गं आज?" रोज सकाळी पहिला प्रश्न हाच. आधी भिकुबाई हसायची. मग हसेनाशी झाली. भीती लागट असते; एका बाईकडून दुसरीकडे जायला तिला वेळ लागत नाही. "अक्का," एकदा ती भांडी घासता घासता थांबून म्हणाली, "तुमी मले असं काहून पाह्यता? मी मरनार हाय का?"

"नाही गं," कंचन म्हणाली, आणि त्यानंतर आठवडाभर तिनं काही विचारलं नाही.

पौषात, आठवा नुकताच सरत होता, भिकुबाई घासलेली कढई हातात घेऊन उठली आणि तशीच खाली बसली. अंगणात पाणी पसरलं. कंचननं ते ओट्यावरून पाहिलं. ती तिच्याकडे धावली. सज्जनबाई ओरडल्या, "ज्ञानू, दुकानाची जीप काढ!"

जळगावच्या इस्पितळात पोचेपर्यंत दुपार झाली. उखर्डू जीपच्या मागच्या फळीवर बसून सारखं म्हणत होता, "आजून टाइम हाय, आजून टाइम हाय नं अक्का?" इस्पितळाच्या व्हरांड्यात कंचन दोन तास भिंतीला टेकून उभी होती. बसायला बाक होता, पण ती बसली नाही. आतून भिकुबाईचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मग तो पार थांबला. आणि काहीच ऐकू येईना. कंचननं मनात आकडे म्हणायला सुरुवात केली; चौदा, पंधरा, सोळा.

मांजराच्या पिल्लासारखा, बारीक, चिरका आवाज आला.

"मुलगा," नर्स दारात येऊन म्हणाली. "फार लहान आहे. पण श्वास घेतोय. आईच्या अंगाशीच ठेवा, ऊब लागेल."

आत भिकुबाई खाटेवर पडली होती, घामानं भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले. तिच्या छातीवर फडक्यात गुंडाळलेलं पोर होतं, लालभडक, तळहाताएवढ्या चेहऱ्याचं. कंचन खाटेपाशी आली. उपाशी गर्भारपण, ओझी, सात वर्षांची वाट, की चार-पाच महिने प्यालेलं ते गार पाणी? पोर महिनाभर आधी का आलं, हे तिला कुणीच कधी सांगणार नव्हतं. आणि आलं ते वाचलं कसं, तेही नाही.

"अक्का, कायले रडता आता?" भिकुबाईचा आवाज खोल गेला होता. "आलं नं जितं."

"आलं," कंचन म्हणाली.

पोर तोंडाची उघडमीट करू लागलं. भिकुबाईनं चोळीची गाठ सोडली आणि त्याला जवळ ओढलं. पण तिला धड वळता येईना, पोर पुन्हा पुन्हा घसरत होतं. ह्या दुधातही ते असेल, हे कंचनच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. मग शेजारच्या खाटेवरची उशी उचलून तिनं ती भिकुबाईच्या पाठीशी सारली, आणि पोराच्या मानेखाली हात धरून त्याला नीट लागू दिलं.